स्प्रिंग आधी, गॅसचा डबा नंतर
वाचकांचे प्रश्न : शॉकअप आणि कच्ची वाट

पावसाळा तोंडावर आला की शॉकअपची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांचा रोख डांबर सोडून आत शिरण्यावर आहे. एक पत्र तर थेट बर्फातलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे एक्सपल्स २०० बाईक आहे. माझं वजन ९२ किलो, पाठीवर सात-आठ किलोची बॅग. त्र्यंबक-हरसूल भागातल्या कच्च्या रस्त्यांवर मागचा शॉकअप सारखा खाली ठोकतो. गॅरेजवाला म्हणतो, बाहेर तेल-गॅसचा वेगळा डबा असलेला गॅस शॉकअप टाका. खर्च मोठा आहे. करावा का?
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : इतक्यात नको. आधी टेप आणा आणि सॅग मोजा. तुम्ही बसल्यावर मागचं चाक आपल्या एकूण ट्रॅव्हलपैकी (वर-खाली हलायच्या जागेपैकी) किती आत जातं, तो सॅग. तुमच्या गाडीचा मागचा ट्रॅव्हल १७० मिलिमीटर आहे. कच्च्या वाटेसाठी त्यातला ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ५० मिमी, बसण्यात जावा आणि १२० मिमी खड्ड्यांसाठी शिल्लक राहावा. जड चालकाखाली स्प्रिंगने बसताक्षणीच ७५ मिमी खाल्ले, तर खड्ड्याला उरतात ९५. मग ती ठोकणारच. डबा लावलात तरी ठोकेल, कारण डब्याचं काम तेल जास्त ठेवणं, ते तापू न देणं आणि त्यात फेस होऊ न देणं. वजन पेलते ती स्प्रिंग.

मोजायला तीन माणसं लागतात. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, साइड पॅनेलवर चिकटपट्टीने एक खूण करा. ॲक्सलपासून खुणेपर्यंतचं अंतर तीनदा मोजायचं. पहिलं माप चाक अधांतरी असताना. इथेच बरेच जण चुकतात : पॅडॉक स्टँड लावतात. तो स्टँड स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) धरतो, त्यामुळे शॉकअपवरचा भार उतरतच नाही. इंजिनाखालच्या बॅश प्लेटला लाकडी ठोकळा आणि जॅक द्या, किंवा दोघांनी गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक उचला. दुसरं माप गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. मागून दोन-तीनदा दाबून सोडा आणि स्थिरावल्यावर मोजा. तिसरं माप हेल्मेट, बूट, बॅग सगळं चढवून, दोन्ही पाय पेगवर ठेवून. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने टेप.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की चालकासह सॅग, पहिल्यातून दुसरं वजा केलं की मोकळा सॅग. मोकळा सॅग १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीवर १७ ते २५ मिमी हवा. आता प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याच्या) दहा पायऱ्यांपैकी एकेक वाढवत चालकासह सॅग ५० च्या जवळ आणा आणि मोकळा पुन्हा मोजा. तो ४-५ मिमीच उरला असेल तर स्प्रिंग तुम्हाला मऊ पडते, हे नक्की. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ती नुसती आधीपासून दाबून ठेवली जाते. अशी दाबलेली गाडी खड्ड्याच्या कडेवरून चाक खाली सोडताना कमी पडते, आणि मागचं टोक उडाल्यासारखं वाटतं. उलट, चालकासह सॅग बरोबर असूनही मोकळा ३० च्या वर गेला, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

तुमच्या वजनाला बहुधा एक पायरी कडक स्प्रिंग लागेल. ती बदलणं हे पूर्ण शॉकअपच्या मानाने स्वस्त काम. स्प्रिंग वळवूनच घेणार असाल तर जुन्या स्प्रिंगची मोकळी लांबी, आतला व्यास, तारेची जाडी आणि वेढे, चारही मापं द्या. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो : १० मिमीची तार १०.५ केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग २१ टक्क्यांहून थोडी अधिक कडक होते. म्हणून ‘जरा जाड तार घाल’ असं मोघम सांगू नका. पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकले तर शॉकअपचा माउंट तुटतो. फार कडक स्प्रिंगही नको, कारण तिचा परतीचा झटका आवरायला आत तेवढं डॅम्पिंग (तेलाचा विरोध) नाही आणि मूळ शॉकअपला रिबाउंडचा, म्हणजे परतीचा वेग ठरवणारा, स्क्रूही नाही.

वेढ्यांमध्ये रबराचा बूच अडकवण्याची युक्ती गॅरेजात सर्रास चालते. बूच दोन वेढे बाद करतो, उरलेल्यांवर ताण वाढतो, आणि स्प्रिंग तडकते ती बहुतेक त्याच जागी. वेढा कापणं त्याहून वाईट.

डब्याला पैसे केव्हा द्यावेत? चालकासह आणि मोकळा, दोन्ही सॅग जुळले, पहिली दहा मिनिटं गाडी छान चालली, आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग खडबडीत रस्त्यानंतर मागचा भाग होडीसारखा डुलायला लागला, तर तेल तापून पातळ होतंय. तेव्हा डबा उपयोगाचा. घेतलात तर तुमच्या वजनाची स्प्रिंग बसवूनच घ्या. नाहीतर महाग शॉकअपवर पुन्हा तीच मऊ स्प्रिंग.

प्रश्न : माझी बाईक हिमालयन ४११. पुढचा ब्रेक मारला की तोंड खाली जातं, आणि खडीवर मात्र हातांना झिणझिण्या येतात. मऊ आणि कडक दोन्ही एकदम कसं? फोर्क ऑइल जाड घालू का?
— वाचक, सिन्नर

उत्तर : जाड तेलाने झिणझिण्या वाढतील. तुमच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्ये, साधी डॅम्पिंग रॉडची रचना आहे : तेल ठरावीक भोकांतून जातं. फोर्क हळू दबतो, जसा ब्रेक मारताना, तेव्हा ती भोकं मोठी पडतात आणि विरोध जवळजवळ होतच नाही. धारदार दगडावर फोर्क झटक्यात दबतो तेव्हा तीच भोकं अपुरी पडतात, कारण वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. दोन्ही तक्रारी त्याच भोकांच्या आहेत.

आधी फुकटचं काम करा. पुढचा ॲक्सल तिरका बसल्यामुळे फोर्कचे दोन पाय (दोन बाजूंच्या नळ्या) एकमेकांत अडकतात आणि त्याचा दोष तेलावर जातो. ॲक्सल घट्ट करा, पण त्याला चिमटून धरणारा पिंच बोल्ट ढिला ठेवा. गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, पाय आपोआप रेषेत येतील. मग पिंच बोल्ट घट्ट करा.

नंतर फोर्कच्या नळीवर एक झिप टाय घट्टसर बांधा, डस्ट सीलला (धूळ अडवणाऱ्या वरच्या सीलला) टेकवून. नळीवर रबरी गेटर असतील तर ते वर सरकवा. रोजच्या कच्च्या वाटेवर फेरी मारून पाहा टाय किती वर सरकला. टोकापर्यंत गेला तर तळ ठोकतोय, तेलाची पातळी वाढवा. ५० मिमी शिल्लक आहेत आणि तरी हात दुखतात, तर तेल पातळ करा.

पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून, पाय उभा धरून. नळीच्या कडेपासून तेलापर्यंत किती अंतर, ते माप. त्याआधी नळी दहा-पंधरा वेळा हळू वर-खाली करून हवा काढा, नाहीतर माप खोटं येतं. मूळ आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि एका वेळी १० मिमीच वर जा. ४१ मिमीच्या नळीत तेवढ्याला प्रत्येक पायात साधारण १० मिली तेल लागतं. दोन्ही पायांत एक-दोन मिमीपेक्षा जास्त फरक नको. वर अडकलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते. तिची जागा कमी केली की शेवट कडक होतो, सुरुवात तशीच राहते. एकूण वाढ ३० मिमीच्या पलीकडे नेऊ नका. दाबाने ऑइल सील बाहेर येतं.

खोलताना वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी ढिला करा, मग पायाचं टोपण, आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. तोंड बाजूला ठेवा.

तेल बदलताना डब्यावरच्या १०डब्ल्यू, १५डब्ल्यू या आकड्यांवर फार विसंबू नका. एका कंपनीचं १० दुसरीच्या १५ ला टेकतं. ४० अंश सेल्सियसला किती सेंटिस्टोक्स (तेलाच्या घट्टपणाचं एकक), हा आकडा बघून तुलना करा, आणि पुढच्या वेळी तोच ब्रँड ठेवा. एवढं करूनही समाधान नसेल तर रॉडवर बसणारा, तेलाचा विरोध स्वतः ठरवणारा इम्युलेटर व्हॉल्व्ह हा खरा उपाय. त्यासाठी रॉडची भोकं मोठी करावी लागतात, म्हणजे मग परतीची वाट नाही.

प्रश्न : उंची १६३ सेंटिमीटर. एक्सपल्स २०० ४व्ही प्रो घ्यायचीय, लांब सस्पेन्शनमुळे. पाय पोचतील का?
— वाचक, पंचवटी

उत्तर : सीट ८९१ मिमी आहे, साध्या मॉडेलची ८२५. चिखलात उतारावर थांबून पाय टाकायची वेळ आली की हे ६६ मिमी फार मोठे होतात. २५० मिमीचा पुढचा आणि २२० मिमीचा मागचा ट्रॅव्हल उड्या मारणाऱ्याला लागतो. भंडारदऱ्याच्या वाटेला नव्हे. साधं मॉडेल घ्या, स्प्रिंग वजनाला जुळवा. लांब गाडी घेऊन लोअरिंग लिंक (गाडी खाली बसवणारा जोड) लावणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला ट्रॅव्हल पुन्हा पैसे देऊन घालवणं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि विमा कंपनी अपघातानंतर हेच आधी पाहते.

प्रश्न : धाकटा भाऊ कॅलगरीत असतो. त्याने सेकंडहँड माउंटन स्नोमोबाइल (बर्फावरचं डोंगरी वाहन) घेतलंय, मागे १५४ इंची ट्रॅकचं, म्हणजे फिरत्या पट्ट्याचं, चारही शॉक हवेचे. खोल बर्फात चढताना तोंड उचलतं, आणि गॅरेजमध्ये जुळवलेलं सेटिंग डोंगरावर मऊ पडतं. एअर शॉक काढून स्प्रिंगवाले टाकायचा त्याचा विचार आहे. बाईकचे नियम तिथे लागू पडतात का?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सॅग, प्रीलोड, रिबाउंड यांचा अर्थ तोच. वेगळं आहे ते शॉकचं काम. पुढच्या दोन स्कींना (बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांना) एकेक शॉक असतो, आणि ट्रॅकच्या आतल्या स्किडमध्ये (ट्रॅकला आधार देणाऱ्या सांगाड्यात) दोन : एक पुढच्या बाजूला, एक मागे. आतले दोन शॉक दणके तर खातातच, शिवाय यंत्राचं वजन स्कींवर किती आणि ट्रॅकवर किती, हेही ठरवतात.

सेटिंग मऊ का पडतं ते आधी. बंदिस्त हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २० अंशांच्या गॅरेजात ६० पीएसआय भरले आणि यंत्र उणे २० वर नेलं, की २९३ केल्विनचे २५३ होतात. एकूण दाब, म्हणजे वातावरणाचा धरून, जवळपास १४ टक्क्यांनी उतरतो आणि गेजवर सुमारे ५० दिसतात. भावाला सांगा, यंत्र तासभर बाहेर उभं करायचं आणि दाब तिथेच भरायचा. संबंधित टोक उचलून शॉक पूर्ण सुटा असताना भरायचं. पंप शॉकचाच हवा, बारीक गेजचा. टायरचा नको, कारण आत हवा इतकी कमी असते की एका झटक्यात दुप्पट होते. पंप काढताना येणारा फुस्स आवाज पाइपातल्या हवेचा असतो. आणि पुन्हा जोडून बघितलं की दाब कमीच दिसतो, कारण थोडी हवा पाइप भरण्यात जाते. गळती समजून नवं सील मागवू नका.

तोंड उचलण्याचा इलाज बहुधा शॉकमध्ये नाही, लिमिटर स्ट्रॅपमध्ये आहे. स्किडचा पुढचा भाग किती खाली उघडू द्यायचा ते हा पट्टा ठरवतो. एक भोक आखडला की स्कींवर भार येतो आणि चढावर तोंड खाली राहतं. सैल केला की स्की हलक्या होतात. एकेक भोकच बदला आणि लगेच चालवून बघा. त्याच्याच जोडीला आतल्या पुढच्या शॉकचा दाब : जास्त ठेवला तर तोच पुढचा भार उचलून धरतो, स्की हलक्या पडतात, म्हणून तोंड उचलत असेल तर तो थोडा कमी करा. मागचा शॉक चढावर बसकण मारत असेल तर त्याचा दाब किंवा कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) वाढवा. मागून बसलं की पुढून उठतंच. एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम हलवल्या तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

स्कींचे शॉक मात्र खोल बर्फात मऊच बरे. तिथे यंत्र हँडलने कमी आणि कलतं करून जास्त वळवतात. उतारावर आडवं जाताना एका बाजूवर तोलून धरावं लागतं. पुढचा भाग कडक असेल तर ते कलायला तयारच होत नाही. म्हणूनच डोंगरी यंत्रांच्या स्कींमधलं अंतर ३६ इंचांच्या आसपास, आखलेल्या वाटेवर चालणाऱ्यांचं ४२ च्या पुढे, आणि अँटिरोल बार (कलणं रोखणारा दांडा) डोंगरवाले अनेकदा काढूनच टाकतात.

आता स्प्रिंग की हवा? आमचं मत : पुढे हवा राहू द्या. तिथे हलकेपणा कामाचा आहे, आणि जितकं दाबाल तितका कडकपणा वाढत जाणं हा हवेचा अंगभूत गुण शेवटच्या दणक्याला उपयोगी पडतो. बदलायचंच असेल तर मागचा ट्रॅक शॉक आधी. सगळ्यात जास्त भार आणि हालचाल त्याच्यावर असते, तापतो तोच, आणि उन्हं-थंडीत दाब बदलला की चालकाला आधी तिथेच जाणवतो. स्प्रिंग मागवताना भावाचं वजन कपडे, बूट आणि पाठीवरच्या सामानासह धरायचं. पण सेकंडहँड यंत्राचे शॉक आधी खोलून तेल, सील आणि नायट्रोजन नवं करून घ्या. थकलेल्या शॉकवरून निवाडा करण्यात अर्थ नाही. शॉकच्या दांड्यावर गोठलेला बर्फ पेचकसाने खरवडू नये; ओरखडा पडला की तो नवं सीलही कापतो.

आखलेली वाट सोडून खोल बर्फात जायचं तर हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं अंगावर हवं, यंत्राच्या पेटीत नव्हे. निघण्याआधी ॲव्हलांच कॅनडा या हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या संस्थेचं त्या दिवसाचं पत्रक वाचायचं. शॉकच्या खर्चाआधी हा खर्च.

प्रश्न : आवणीच्या दिवसांत शेताकडच्या वाटेने रोज जातो. दरवर्षी फोर्कचं सील गळतं. सील हलकी येतात का?
— वाचक, घोटी

उत्तर : सील बहुधा ठीक असतं, त्याच्या ओठाखाली चिखल वाळलेला असतो. नवं टाकण्याआधी डस्ट सील हलक्या हाताने सोडवून नळीवर वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला आकडा काढा, आकडा ऑइल सीलच्या आत सरकवा आणि नळीभोवती एक पूर्ण फेरी मारून ओढा. काळी माती बाहेर येईल. दोन-तीनदा करा, नळी पुसा, फोर्क दहा वेळा दाबा. गळती थांबली तर काम झालं.

नाही थांबली तर नळीवर बोट फिरवा. दगडाच्या फटक्याने उठलेला बारीक काटा बोटाला लागतो. तो १००० नंबरच्या पाणकागदाने तेवढ्यापुरता बसवा. गंजाचे खड्डे असतील तर नळीच बदलावी लागते, सील टाकत राहणं वाया. नवं सील बसवताना नळीच्या कडेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढून वर ग्रीस लावा, म्हणजे ओठ कापत नाही. दोन्ही पायांची सील एकदम बदला आणि आतला बुश (नळी ज्यात सरकते ती कडी) घासलाय का तेही बघून घ्या, कारण ढिल्या बुशमुळे नळी डुलते आणि सील पुन्हा जातं. वॉशिंग सेंटरची धार सीलवर मारू देऊ नका. तेल ब्रेक पॅडपर्यंत पोचलं असेल तर पॅड घासून चालणार नाहीत. नवेच टाका.

प्रश्न : गॅस शॉकअपचा गॅस कमी झालाय म्हणतात. टायरच्या दुकानात नायट्रोजन मिळतो, तो भरून घेऊ का?
— वाचक, सिडको

उत्तर : नको. टायरला दोन-अडीच बार लागतात, शॉकअपला दहाच्या वर, आणि पुष्कळ शॉकअपमध्ये व्हॉल्व्हऐवजी सुई टोचायचा रबरी बूच असतो. त्याहून महत्त्वाचं, गॅस आपोआप कमी होत नाही. सील गेलं म्हणून तो गेला, आणि त्याच्याबरोबर तेलही. खोलून तेल-सील करून देणाऱ्याकडेच तो भरला जातो. घरी खोलायचा प्रयत्न नको. दाबाखालचं टोपण छातीवर येतं.

प्रश्न : चिखलात टायरमधली हवा किती ठेवावी? सस्पेन्शन मऊ केल्यासारखा फायदा होतो का?
— वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : होतो, आणि फुकट होतो. ट्यूबवाल्या डबल पर्पज (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींच्या) टायरला चिखलात १८ ते २० पीएसआय पुरे. खडक असेल तर २२ च्या खाली नको, रिम आणि दगडाच्या चिमट्यात ट्यूबला दोन भोकं एकदम पडतात. निफाडकडच्या काळ्या मातीत मात्र हवा कितीही सोडा, वाफसा येईपर्यंत टायर गोळाच होणार. मडगार्डखाली माती दाटून चाक थांबतं. तिथे वाट बदलणं हाच उपाय, आणि कुणाच्या वावरातून नव्हे.

हवा कमी असताना जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. व्हॉल्व्हचा बारीक नट रिमला घट्ट लावलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. तो नट सोडून वर टोपणाखाली नेऊन ठेवा. मग व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा टायर सरकलाय. हवा काढून तो सरळ करा, आणि डांबरावर लागण्याआधी दाब पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणा.